पाहुण्या आणि यजमान



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सौंदर्यस्पर्धेवर आम्ही काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण हा विषय आता मागाच्या दाराशी येऊन पोचला आहे.

१९५१ साली लंडनमध्ये 'मिस वर्ल्ड' स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी १८ एप्रिलला विनोबा तेलंगणातील पोचमपल्लीत होते. तुम्हांला काय हवे, असे त्यांनी भूमिहीनांना विचारले. त्यांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. भूदान तेथे जन्मले. पुढे मे २०२५ मध्ये तेलंगण राज्य या स्पर्धेचे यजमान झाले, आणि हैदराबादेस आलेल्या सुंदरींना त्याच पोचमपल्लीत विणकाम दाखवायला नेले. ३१ मेला मुकुट थायलंडला गेला.

विणकराची कला जगाने पाहिली, याचा आम्हांला आनंदच आहे. पण आपल्या सोलापुरातली पद्मशाली घरे तेलंगणातून का आली? गावच्या मागावर पोट भरेना म्हणून. त्यांच्या लेकीसुना येथे विड्या वळतात. त्यांच्या कष्टाचे मोल हजार विड्यांच्या दराने ठरते. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे तेही बुडते.

पाहुणचाराला आमची ना नाही. यजमानाने माग जरूर दाखवावा. पण त्याआधी, विनोबांनी विचारले तसे, मागावर बसलेल्याला विचारावे: बाबा, तुला मजुरी काय पडते?