सांबऱ्याहून सव्वा तास

लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गोल यांच्यात सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर अंतर आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बेंगळुरूचा विमानतळ याच हिशेबाने साडेचारशेच्या घरात. तरीही वेळापत्रकात दोन्ही प्रवासांपुढे आकडा जवळपास सारखाच दिसतो: सव्वा तास, थोडे मागेपुढे. मग वरचे शंभर किलोमीटर गेले कुठे?

ते जमिनीवर मुरले. वेळापत्रकातला वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला उभे राहिले की थांबते. हीथ्रोवर धावपट्टी गाठण्यासाठी विमानांची रांग लागते. सांबऱ्यात रांग लावायला पुढे दुसरे विमान तर हवे!

१९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, ब्रिटिशांच्या हवाई दलाने सांबऱ्याची धावपट्टी घातली. आजही शेजारी हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. प्रवाशांची नवी इमारत २०१७ मध्ये उघडली, धावपट्टीही २३०० मीटरपर्यंत लांबवली गेली, त्यामुळे मोठी जेट विमाने उतरू लागली. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते, जेट आठशेच्या. पण एवढ्याशा अंतरात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, म्हणून जेटने वाचतात ती पंधरा-वीस मिनिटेच.

खरा खर्च घरून निघाल्यापासून मोजावा. बहुतेक कंपन्यांचे काउंटर तासभर आधी बंद होतात. पुढे बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून चांगला तीस-पस्तीस किलोमीटर लांब. तिथली वाहतूक वेगळी सांगायला नको. म्हणजे सव्वा तासाच्या उड्डाणाला अर्धा दिवस धरावा.

युरोपात याच हिशेबाने रेल्वेने बाजी मारली. १९९४ पासून इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून धावणारी युरोस्टार लंडनच्या मध्यवस्तीतून पॅरिसच्या मध्यवस्तीत सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते. फ्रान्सने तर २०२३ मध्ये, रेल्वेने अडीच तासांत जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानेच बंद केली. बेळगावकरांना एवढ्यात तशी भीती नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली वंदे भारत बेंगळुरूचे सहाशेहून थोडे अधिक किलोमीटर कापायला आठ तासांवर घेते.

कोल्हापूर-बेळगावच्या मधल्या निपाणीकरांचा पेच मात्र वेगळाच. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ त्यांना चाळीसेक किलोमीटर, सांबरा त्याच्या दुप्पट. पण जवळच्या विमानतळावरून हव्या त्या गावाला विमान असेलच असे नाही, आणि मग गाडी महामार्गावर दक्षिणेकडे वळते. सामान भरण्याआधी दोन्हीकडची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिलेली बरी.