पाळणा आणि हजेरीपट

हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपली! एअर इंडियाचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये, नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाला खटकली नाही, हे जरा नवलच. पुढे २०००मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायका जिंकल्या. हजेरीपटावर नाव, हातात फावडं, तरीही प्रसूतीरजेचा हक्क त्यांचाच.

आज बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं, की पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्या रजेत कामावरून काढता येत नाही. आणि तासन्‌तास उभं राहायचं काम? प्रसूतीच्या आधीच्या दिवसांत ते नको असेल, तर तसं सांगायचं. अर्ज लेखी द्या, पोचही घ्या.