मोबाइल, मामू आणि न ऐकू येणारा आवाज

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. त्यामुळे आज मी विजेबद्दल आणि आवाजाबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या महाडातले मित्र हसतील. पण वेळच तशी आली. घरातल्या पैशांचा प्रश्न होता.

सुरुवात २०२१ च्या जुलैपासून करायला हवी. २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरड आली. वीज गेली, फोन मुके झाले. माझी थोरली बहीण पोलादपूरला असते. दुल्हाभाई तेव्हा कुवेतला नोकरीत. घरचे जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पाणी ओसरल्यावर माझा भाचा महामार्गावर गेला. तिथे एका ट्रकवाल्याने आपल्या बॅटरीवरून लोकांना मोबाइल चार्ज करू दिले होते. रांग मोठी. प्रत्येकाला दहा मिनिटं. भाच्याचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि रेंज मिळाल्यावर कुवेतला पहिलं वाक्य गेलं ते ‘अम्मी ठीक आहे’ एवढंच.

ती रांग पोराच्या डोक्यातून गेली नाही. अलीकडे तो एक रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आला. कुठल्याशा नव्या कंपनीचं. छताला एक डबी लावायची, त्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघणार, आणि खोलीतले सगळे मोबाइल खिशातल्या खिशात चार्ज होणार. तीन लाख भरले की आपल्या भागाची एजन्सी. तीन लाख म्हणजे दुल्हाभाईंच्या परदेशातल्या नोकरीतून राहिलेली शिल्लक. शिवाय भाच्याच्या बायकोला सातवा महिना. आपाने निरोप धाडला, ‘तूच बघ बाबा, तुझं तो ऐकतो.’

खरं सांगतो, कल्पना मला आवडली. आवाजावर जगणाऱ्या माणसाला ती आवडणारच. आपण बोलावं आणि समोर दिवा लागावा, यासाठी कवी आयुष्यभर खटपट करतो! पण पैसे आपाचे होते. म्हणून मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका स्नेह्याला गाठलं. त्याने आधी माझाच नक्षा उतरवला. म्हणाला, माणूस साधं बोलतो तेव्हा त्याच्या आवाजात फार तर वॅटचा एक लाखावा हिस्सा ताकद असते. मोबाइलचा साधा चार्जर पाच वॅटचा. म्हणजे एक फोन चार्ज करायला पाच लाख माणसांनी एकदम बोलायला हवं, आणि त्या आवाजाचा कण न् कण फोनमध्ये शिरायला हवा. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके बोलायला लावले तरी भागायचं नाही. आमची माणसं बोलण्यात कमी नाहीत, तरीही.

‘पण हा साधा आवाज नाही मामू, अल्ट्रासाउंड आहे,’ असं भाच्याचं म्हणणं. योगायोग असा की त्याच आठवड्यात सूनबाईची सोनोग्राफी होती. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांना मी विचारलं, तुम्ही पोटावर तो गार चिकट जेल का लावता? ते म्हणाले, हवा घालवायला. यंत्र आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच मागे फिरतो. शरीरात तो नीट चालतो, हवेतून शरीरात किंवा शरीरातून हवेत जायला मात्र तयार नसतो. मी भाच्याकडे पाहिलं. तो जेलच्या बाटलीकडे पाहत होता.

हवेत चालणारा अल्ट्रासाउंड वेगळा, कमी कंपनांचा, हेही खरं. पण त्यालाही हवा खाते. सेकंदाला पन्नास हजार कंपनांचा आवाज घेतला तर एका मीटरमध्ये साधारण तिसरा हिस्सा हवेतच जिरतो. तीन मीटरवर उरतो तोच मुळी तिसरा हिस्सा. मग तो फोनवर नेमका पडायला हवा, मध्ये हात किंवा खिशाचं कापड यायला नको, आणि आवाजाची पुन्हा वीज करताना घट व्हायची ती निराळीच.

हे सगळं अमेरिकेत होऊन गेलेलं आहे. मेरेडिथ पेरी ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली विद्यार्थिनी. तिने २०११ मध्ये हीच कल्पना मांडली आणि ‘यूबीम’ नावाची कंपनी काढली. मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी दोन कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. २०१५ मध्ये कंपनीने काही आकडे सांगितले. आवाजाची पातळी १४५ ते १५५ डेसिबल. आपल्याकडे गणपतीत डीजेच्या भिंतीवरून भांडणं होतात ती याच्या किती तरी खाली. ऐकू येत नाही म्हणून तो नसतो असं थोडंच आहे? पुढे २०१६ मध्ये तिथल्याच अभियांत्रिकीच्या माजी प्रमुखाने, पॉल रेनॉल्ड्स यांनी, हे जाहीर केल्याप्रमाणे चालणार नाही असं उघड लिहिलं. आयुष्य अल्ट्रासाउंडमध्ये घालवलेला माणूस. २०१८ मध्ये पेरीबाई प्रमुखपदावरून दूर झाल्या, कंपनीचं नाव बदललं, आणि खोलीभर फोन चार्ज करणारी ती डबी काही दुकानात आली नाही.

मला त्या मुलीचा राग येत नाही. बावीस-तेवीसच्या वयात असं स्वप्न पडायलाच हवं. राग येतो तो पैसेवाल्यांचा. त्यांना एका दुपारी एखादा प्राध्यापक गाठता आला असता. मला महाडात गाठता आला.

भाच्याने शेवटचा डाव टाकला, ‘मग चकतीवर ठेवून बिनवायरचा फोन चार्ज होतो तो कसा?’ होतो ना. पण तिथे आवाज नाही, चुंबकाची करामत आहे. दोन वेटोळी एकमेकींना जवळजवळ चिकटलेली असतात. फोन थोडा सरकला तरी काम बंद. आणि शरीरात बसवलेल्या छोट्या यंत्रांना अल्ट्रासाउंडने वीज देण्याचं संशोधनही खरं आहे. तिथे मध्ये हवा नसते, आणि वीजही चिमूटभर लागते. म्हणजे विद्या खोटी नाही. छतावरून खिशापर्यंतची जाहिरात खोटी.

आम्ही दोघांनी बसून त्या कंपनीला मराठीत पत्र लिहिलं. प्रश्न चारच. किती अंतरावरून? फोनमध्ये किती वॅट पोचतात? रिकामा फोन भरायला किती तास? आणि त्या खोलीत गरोदर बाई, तान्हं मूल दिवसभर राहिलं तर चालेल असं कुणी तपासून लिहून दिलं आहे का? शेवटचा प्रश्न भाच्याने स्वतः घातला. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत तेच पत्रक, या वेळी जाड कागदावर.

पैसे अजून आपाच्याच खात्यात आहेत. त्यातले थोडे काढून पोलादपूरच्या घरावर सौर पॅनेल आणि बॅटरी बसवायचं भाच्याच्या मनात आहे. आपा म्हणते, ‘जुलैत आमच्याकडे ऊन कुठलं रे?’ तिचंही खरं आहे. आता एखादी जादा बॅटरी उन्हाळ्यातच भरून ठेवली तर किती दिवस पुरते, याचा हिशेब मामा-भाचे मांडत बसलो आहोत.