पत्ता मागून घ्यावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरगुती धंदा करणाऱ्या भगिनींना उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि भाषणाची सवय मुळीच नाही. पण गोडा मसाला, मेतकूट आणि उपासाची भाजणी विकता विकता गिऱ्हाइकांना ई-मेलने पत्र लिहिण्याची सवय मात्र चार वर्षांत चांगली झाली आहे. तेव्हा त्याविषयीच बोलते. दुसरेही एक कारण आहे. मंडळाच्या वहीतले सभासदांचे पत्ते धंदा करणाऱ्या भगिनींना वापरू द्यावेत, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. त्यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

आमच्या धंद्याचे दुखणे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीत रात्री बारा-बारा वाजेपर्यंत भाजत, दळत बसावे, आणि कार्तिक सरला की फोन वाजायचा बंद. घरभाडे आणि मुलांच्या फिया मात्र बारमाही. थोरलीने कॉलेजात असताना वेबसाईट करून दिली. पण वेबसाईट म्हणजे गल्लीच्या आतले दुकान. सहज येताजाता कोणी डोकावत नाही. गिऱ्हाईक एकदा येते, मसाला नेते, त्याला तो आवडतोही, आणि डबा संपेपर्यंत ते आपले नाव विसरते! फेसबुकवर आपण लिहितो खरे, पण ते कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे ती कंपनी ठरवते. ई-मेलचे पत्ते मात्र आपल्या वहीत राहतात. उद्या पत्रे पाठवून देणारी कंपनी बदलली तरी ती वही आपल्याबरोबर येते.

आता हे पत्ते मिळवायचे कसे? मागून. मसाल्याच्या प्रत्येक पुड्याबरोबर मी एक चिठ्ठी घालते : 'महिन्यातून एकदा आमचे पत्र येईल. त्यात सणावारी उपयोगी पडणारी एक कृती असेल आणि घाणा कधी काढणार ते असेल. हवे असल्यास पत्ता कळवावा.' वेबसाईटवर हेच लिहिले आहे, आणि तिथे फक्त नाव आणि ई-मेल एवढेच विचारले आहे. फोन नंबर, जन्मतारीख, घरात माणसे किती, असल्या चौकशा केल्या की बाई निम्म्यातून निघून जाते. मी तरी जाईन.

प्रदर्शनात मांडलेल्या टेबलावर वही ठेवावी आणि पत्ता ज्याचा त्यालाच लिहू द्यावा. लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवावा. एका टिंबाचा फरक पडला तर पत्र दुसऱ्याच घरी! म्हणून नाव आले की आमच्याकडून आधी एक छोटे पत्र जाते : 'हे आपणच कळवले ना? मग येथे दाबावे.' त्यांनी दाबले तरच नाव यादीत चढते. यात काही नावे गळतात. आमच्या घरच्यांना ते पाहवत नाही. मी म्हणते, गळू देत. पहिल्या वर्षी यादीत साठ नावे होती, आज ४१२ आहेत.

पण पत्ता मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे. पत्रात काही असले पाहिजे. 'आमचा माल उत्तम, त्वरित मागवा' हे वर्षातून बारा वेळा कोण वाचणार? आषाढ लागण्याच्या आधी मी मेतकुटाविषयी लिहिते. डाळी निरनिराळ्या भाजाव्यात, कारण प्रत्येकीला आच वेगळी लागते. पावसाळी हवेत बरणीत ओला चमचा गेला की मेतकुटाचे गोळे होतात. एकदा पुण्याच्या एका बाईंनी उलट विचारले, 'दगडफुलात कचकच लागते, ती कशी घालवावी?' त्याचेच पुढचे पत्र केले. दगडफूल निवडून, चाळणीत घोळून, बुडाचा कचरा काढून टाकावा आणि मग थोड्या तेलावर परतावे. त्या पत्राला जितकी उत्तरे आली, तितकी दिवाळीच्या पत्रालाही आली नव्हती. कितीजणींनी ते आपल्या बहिणीला, जावेला पुढे पाठवले, आणि त्यांतल्या काहींनी आपण होऊन नाव घातले. यादी वाढते ती अशी. विषयाच्या ओळीतही मी 'दगडफुलातली कचकच' एवढेच लिहिले होते. ज्याचे दुखणे त्याला ते लगेच कळते.

पत्र कितीजणींनी उघडले याचा आकडा कंपनी दाखवते, पण त्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या फोनवर अशी सोय आहे की पत्र कोणी वाचले नाही तरी ते उघडले गेले असे मोजले जाते. मी मोजते ती उत्तरे, आणि मागण्या.

आता जरा कडू बोलते. आमच्या भाऊजींनी एकदा दहा हजार पत्ते विकत आणण्याची गोष्ट काढली. त्यांचा हिशेब असा, की दहा हजारांत शंभर तरी घेतील. मी म्हटले, आणि उरलेले काय म्हणतील? न मागता एकगठ्ठा जाहिरात पाठवण्याचा पहिला प्रकार अमेरिकेत १९७८ साली झाला. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना पत्र धाडले आणि तक्रारींचा वर्षाव झाला. आजही लोक चिडून 'स्पॅम' म्हणून बटण दाबतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम केला आहे की अशा तक्रारी हजारी तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत, आणि दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्याने एका बटणात नाव कमी करण्याची सोय ठेवली पाहिजे. म्हणजे दहा हजारांत तीस माणसे रागावली की संपले. मग ज्या ४१२ जणींनी आपण होऊन पत्ता दिला, त्यांच्याकडेही माझे पत्र कचऱ्याच्या पेटीत पडणार. माझ्या घरचे भाडे त्या ४१२ नावांवर चालते.

नाव कमी करण्याची ओळ मी पत्राच्या तळाशी ठळक ठेवते. बारीक अक्षरात लपवत नाही. ज्याला जायचे आहे त्याने रागाने जाण्यापेक्षा हसतमुखाने जावे.

मंडळाच्या वहीचेही तेच. त्या वहीत आपण पत्ते दिले ते सभेची सूचना मिळावी म्हणून, हळदीकुंकवाचे आमंत्रण यावे म्हणून. मसाल्याची, साड्यांची, विमा पॉलिसीची पत्रे यावीत म्हणून नव्हेत. २०२३ साली संसदेने व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात तत्त्व हेच आहे की संमती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती धरावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मैत्रिणीने विश्वासाने पत्ता लिहिला तिला न विचारता तो मी माझ्या भाजणीसाठी वापरला, तर पुढच्या सभेत तिच्याशेजारी मी बसू कशी? धंदा माझाही आहे, आणि हे पत्ते मिळाले तर मला फायदाच होईल. तरीही सूचनेला माझा विरोध आहे.

त्याऐवजी मी दाराशी एक वेगळी वही ठेवली आहे. त्यात धंदा करणाऱ्या आपल्या सहा भगिनींची नावे आणि प्रत्येकीचा माल लिहिला आहे. जिचे पत्र हवे असेल तिच्या नावाखाली आपला पत्ता आपल्या हाताने लिहावा. ज्यांना काहीच नको असेल त्यांनी सरळ चहाकडे जावे, चहा तयार आहे.