पांडा आणि तपकिरी अस्वल

चित्रांतला काळापांढरा पांडा पाहून घरांतलें मूल विचारतें, "हें अस्वलच ना?" हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाहि शंभर वर्षांहून अधिक काळ पडलेला होता. इ. स. १८६९ मध्यें आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकानें चीनच्या सेचुआन प्रांतांतून या प्राण्याची हकीकत पॅरिसला धाडली व त्यास अस्वल म्हटलें. पुढच्याच वर्षीं आल्फोंस मिल्न-एडवर्डस् या प्राणिशास्त्रज्ञानें त्याचीं हाडें व दांत तपासून, हा लाल पांडाचा आप्त असावा, असें मत दिलें. अखेर १९८५ सालीं स्टीफन ओब्रायन व त्याचे सहकारी यांनीं आनुवंशिक द्रव्याची तुलना करून, पांडा अस्वलांच्याच कुळांतला, पण त्याची शाखा फार पूर्वींच वेगळी झाली, असें दाखविलें.

कूळ एक खरें. परंतु राहणी अगदींच निराळी. तपकिरी अस्वल युरोप, आशिया व उत्तर अमेरिका अशा तीन खंडांत आढळतें. आपल्या देशांत तें काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड येथील हिमालयाच्या उंच भागांत राहतें. कंदमुळें, फळें, किडे, मासे, मेलेलें जनावर, कांहींहि त्यास चालतें. जमीन उकरण्यासाठीं त्याच्या नख्या लांब असतात आणि खांद्यावर स्नायूंचें उंच वशिंड असतें.

पांडा मात्र चीनच्या सेचुआन, शेन्सी व कान्सू या तीनच प्रांतांतील डोंगरांत उरला आहे, व त्याचें अन्न जवळजवळ सर्वस्वीं कळक हेंच आहे. कळक चावण्यासाठीं त्याच्या दाढा रुंद व जबड्याचे स्नायू दांडगे झाले. त्याचा गोल चेहरा त्यामुळेंच दिसतो. कळकाची कांडी धरण्यासाठीं मनगटाचें एक हाड वाढून अंगठ्याचें काम करूं लागलें. डोळ्यांची बाहुलीहि मांजरासारखी उभी असते. तपकिरी अस्वलाची गोल असते.

येथें एक नवल आहे. दांत बदलले, पण आंतडें मांसाहारी पूर्वजाचेंच राहिलें. गाईसारखें रवंथ त्यास साधत नाहीं. म्हणून खाल्लेल्या कळकाचा पांचवा हिस्साहि त्याच्या अंगीं लागत नाहीं, आणि दिवसाकाठीं बारा किलोंहून अधिक चारा खात त्यास बसावें लागतें. हिंवाळ्यासाठीं चरबी सांठविणें त्यास शक्य नाहीं. तपकिरी अस्वल शरदांत लठ्ठ होऊन कित्येक महिने गुहेंत निजतें. पांडा बर्फांतहि हिरवा कळक शोधीत हिंडतो.

कळकास फुलोरा येतो तो अनेक वर्षांनीं. पण आला म्हणजे त्या जातीचीं बेटेंच्या बेटें एकदम फुलून वाळून जातात. पूर्वीं अशा वेळीं पांडा दुसऱ्या जातीचा कळक असलेल्या डोंगरावर जाई. पुढें मधल्या खोऱ्यांत शेतें, गांवें व रस्ते झाले. १९७० नंतरच्या दशकांत मिन पर्वतांत असा फुलोरा आला, तेव्हां शंभरांहून अधिक पांडा उपासमारीनें मेले. तपकिरी अस्वलाचें एक फळ हुकलें, तर तें दुसऱ्या अन्नाकडे वळतें. पांडास दुसरें ताटच नाहीं.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेंत रानांतील पांडा १,८६४ भरले, आणि २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय यादींत त्यांचा धोका एक पायरी खालीं आणण्यांत आला. शिकारबंदी व राखलेलीं रानें यांचा हा गुण होय. परंतु पांडा केवळ पिंजऱ्यांत पोसून वांचणार नाहीं. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे जाणारी रानाची वाट मोकळी असेल, तरच तो टिकेल. मुलाच्या प्रश्नास "होय, अस्वलच" एवढें उत्तर पुरे नाहीं. "पण एकाच अन्नावर जगणारें" हेंहि त्यास सांगितलें पाहिजे.