स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा कीबोर्ड

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणारी अंध व्यक्ती संगणकावरचे जवळजवळ सगळे काम कीबोर्डवरूनच करते. मजकूर लिहिणे हा त्यातला लहान भाग. ऐकलेली ओळ पुन्हा ऐकणे, शब्द अक्षराअक्षराने तपासणे, वेबपानावर एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाणे, बोलणारा आवाज मध्येच थांबवणे, किती वाजले ते विचारणे, या प्रत्येक गोष्टीला एक कळ किंवा दोन-तीन कळांची जोडणी ठरलेली असते. एखादा अहवाल नुसता वाचायचा म्हटला, तरी हात कीबोर्डवरून उचलत नाहीत. म्हणून या वापरासाठी कीबोर्ड निवडताना दिसण्याचा, रंगाचा आणि दिव्यांचा विचार बाजूला ठेवून बोटांचा आणि मनगटाचा विचार आधी करावा लागतो.

लिहिण्याच्या यंत्राचा आणि अंधत्वाचा संबंध जुना आहे. इटलीतल्या पेलेग्रिनो तुर्री याने १८०८च्या सुमारास एक लेखनयंत्र बनवले, ते कारोलिना फान्तोनी या अंध स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून. यंत्र आज उपलब्ध नाही. त्यावर लिहिलेली काही पत्रे मात्र टिकून आहेत.

आज विंडोजवर जॉज, एनव्हीडीए आणि नॅरेटर हे स्क्रीन रीडर प्रामुख्याने वापरले जातात. त्यांच्या बहुतेक आज्ञांची सुरुवात इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक या कळेने होते. एनव्हीडीए आणि जॉज या दोघांतही आज्ञांची डेस्कटॉप आणि लॅपटॉप अशी दोन मांडण्या असतात, आणि निवडीचा सगळ्यात मोठा प्रश्न इथेच सुटतो. डेस्कटॉप मांडणीचा आधार म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा भाग, म्हणजे नमपॅड. नम लॉक बंद असला की एनव्हीडीएमध्ये नमपॅडवरचे ७, ८, ९ हे आकडे मागची, चालू आणि पुढची ओळ वाचतात. ४, ५, ६ शब्द वाचतात. १, २, ३ अक्षरे वाचतात. शून्याची कळ इन्सर्टचे काम करते, त्यामुळे ती अंगठ्याने दाबून धरून उरलेल्या बोटांनी दुसरी कळ दाबता येते. एका हातात सगळे वाचन मावते. हेच काम लॅपटॉप मांडणीत करायचे तर चालू ओळीसाठी एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि पूर्णविराम अशा तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. एकदा-दोनदा त्याचे काही वाटत नाही. आठ तासांच्या कामात करंगळी आणि अंगठा आखडतात.

त्यामुळे रोज बराच वेळ काम करणाऱ्याने नमपॅडसह पूर्ण आकाराचा, १०४ कळांचा साधा कीबोर्ड घ्यावा. बाजारात नमपॅड नसलेले आटोपशीर कीबोर्ड हाताला आरामदायक म्हणून सुचवले जातात. त्यामागचे कारण असे, की नमपॅड काढला की माउस जवळ येतो आणि उजवा खांदा ताणला जात नाही. माउस न वापरणाऱ्याला हे कारण लागूच पडत नाही. उलट, माउसच्या जागी त्याला नमपॅडच हवा असतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड जोडावा. ते जमत नसेल तर सुटा नमपॅड मिळतो. सुट्या नमपॅडचा एक फायदा असा, की उजवा हात दुखू लागला तर तो डावीकडेही ठेवता येतो.

यानंतर कीबोर्डवरून हात फिरवून पाहावा. एफ, जे आणि नमपॅडवरचा ५ या कळांवरचे उंचवटे ठळक लागले पाहिजेत. फंक्शन कळा चार-चारच्या गटात असाव्यात आणि गटांमध्ये मोकळी जागा असावी. ती जागा नसली तर एफ७ शोधायला दर वेळी कोपऱ्यापासून मोजावे लागते. बाणांच्या कळा बाकीच्यांपासून सुट्या हव्यात. इन्सर्ट, होम, एंड, पेज अप वगैरे सहा कळांचा गट नेहमीच्या जागी हवा. खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच असावा, कारण एनव्हीडीए आणि जॉजचे बोलणे थांबवणारी कळ तीच. काही लॅपटॉपवर त्या कोपऱ्यात एफएन ही कळ असते आणि बोट सतत चुकते. संदर्भ मेनू उघडणारी ॲप्लिकेशन कळही हल्ली दुर्मीळ होते आहे. २०२४पासून अनेक नव्या लॅपटॉपवर स्पेस बारच्या उजवीकडे तिच्या जागी कोपायलटची कळ येते. तिथे शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबून काम भागते.

कळ दाबताना हाताला काय जाणवते, हा पुढचा मुद्दा. साध्या कीबोर्डमध्ये कळेखाली रबराचा घुमट असतो. स्वस्त मालात तो लवकर मऊ पडतो आणि कळ लागली की नाही हे बोटाला कळेनासे होते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. नेहमीच्या स्विचमध्ये कळ साधारण २ मिलिमीटर खाली गेली की नोंद होते आणि ती पूर्ण ४ मिलिमीटर खाली जाते. त्यात तीन प्रकार मुख्य आहेत: निळ्या स्विचला बोटाला जाणवणारा टचका आणि आवाज दोन्ही, तपकिरीला नुसता टचका, लाल सरळ खाली जाणारा. आवाजाचा निळा स्विच स्क्रीन रीडरच्या बोलण्यात अडथळा आणतो, शेजारच्यालाही त्रास देतो. लालवर बोटाचा थोडा भार पडला तरी कळ लागू शकते, आणि स्क्रीन रीडर वापरणारी माणसे कळा चाचपत असल्याने ती चूक होण्याची शक्यता वाढते. बहुतेकांना तपकिरीच सोयीचा. मात्र मेकॅनिकलच हवा असा आग्रह नको. चांगल्या बनावटीचा साधा कीबोर्डही वर्षानुवर्षे उत्तम चालतो.

कळांच्या जोडण्यांची एक चाचणी खरेदीआधी जरूर करावी. काही स्वस्त कीबोर्डना तीन ठरावीक कळा एकदम दाबल्या तर तिसरी कळतच नाही. लिहिताना हा दोष ध्यानात येत नाही, स्क्रीन रीडरच्या आज्ञांत मात्र येतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि १ दाबले की कळांची ओळख करून देणारी अवस्था सुरू होते. तीत दाबलेली कळ आणि तिचे काम ऐकू येते, प्रत्यक्षात काही घडत नाही. आपल्या रोजच्या जोडण्या तिथे दाबून पाहाव्यात. तीन कळा एकदम धरणे ज्यांना अवघड जाते त्यांच्यासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज ही सोय आहे. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याबद्दल विचारणा होते.

बसण्याच्या बाबतीत अंध व्यक्तीला एक मोकळीक मिळते. आरामशीर बैठकीचे सल्ले पडद्याच्या उंचीभोवती फिरतात. पडद्याकडे पाहायचेच नसेल तर कीबोर्ड टेबलाखालच्या सरकत्या फळीवर, अगदी मांडीवरही घेता येतो. कोपर काटकोनाच्या आसपास आणि मनगट सरळ राहिले म्हणजे झाले. कीबोर्डमागचे पाय उघडू नयेत. त्यांनी मनगट वर वाकते. मधोमध दुभागलेले कीबोर्ड या वापराला चांगले, कारण नजर न टाकता टंकलेखन शिकलेल्या बोटांना ते लवकर सरावाचे होतात. पण त्यातल्या अनेकांना नमपॅड नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ या जोड्या एकेका कळेवर असतात. महाप्राणासाठी शिफ्ट लागते. स्वतंत्र स्वरांनाही शिफ्टच लागते. जोडाक्षरासाठी लागणारा हलन्त डीच्या कळेवर आहे, म्हणजे डाव्या मधल्या बोटाखाली. ही रचना ध्वनींच्या क्रमाने बेतलेली असल्याने पाठ करायला सोपी जाते, आणि अंध विद्यार्थ्याला ती सुरुवातीपासून शिकवणे योग्य. फक्त दोन्ही शिफ्ट रुंद आणि हलक्या हव्यात. डावी शिफ्ट आखूड करून शेजारी जादा कळ बसवलेला कीबोर्ड मराठी लेखनासाठी घेऊ नये. प्रत्येक कळेवर ब्रेलचे स्टिकर लावण्याची पद्धतही उपयोगाची नाही. बोटे जागा शिकण्याऐवजी स्टिकर वाचत बसतात. उंच ठिपके लावायचेच तर एफ५, डिलीट अशा दोन-चार कळांवर पुरे.

वायरलेस कीबोर्ड काही वेळ वापरला नाही की झोपी जातो आणि जागा होताना पहिली कळ गिळतो; बॅटरी संपत आल्याची खूण बहुधा फक्त दिव्याने मिळते. जागेवर बसून काम करणाऱ्यांना वायरचाच बरा. सेटिंग बदलायला खास सॉफ्टवेअर लागणारा कीबोर्ड घेण्याआधी ते सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरने चालते का, हे पाहावे.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर उंच ठिपक्यांत दाखवणारे उपकरण, वापरणाऱ्यांसाठी कीबोर्डची खोली महत्त्वाची. डिस्प्ले कीबोर्डच्या पुढे, स्पेस बारखाली ठेवतात. हात ठिपक्यांवरून कळांवर आणि परत सतत जातात. पुढची कड जाड असलेला किंवा मनगटाची पट्टी जोडलेला कीबोर्ड असला की हे अंतर वाढते. बारीक कडेचा, ठेंगणा कीबोर्ड इथे सरस. अल्पदृष्टी असलेल्यांना काळ्यावर पिवळी किंवा पिवळ्यावर काळी मोठी अक्षरे छापलेले कीबोर्ड मिळतात. त्यांच्या बाबतीत पडद्याची उंची पुन्हा महत्त्वाची ठरते.

कानांची काळजी ही हातांच्या काळजीइतकीच मोठी. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज किंचित उशिरा येतो आणि शांततेनंतर पहिले अक्षर कापले जाते. ‘नको’तला न गेला तर अर्थच लागत नाही. वायरचा, हलका, सभोवतालचे ऐकू येऊ देणारा हेडफोन उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. पूर्णवेळ काम करणाऱ्याचे ४० तास कार्यालयातच भरतात, म्हणून आवाज त्याहून बराच खाली ठेवावा.

अंध कर्मचारी असलेल्या कार्यालयांनी आणि महाविद्यालयांनी संगणक बदलताना कीबोर्ड सरसकट बदलू नये. जुना कीबोर्ड नव्या संगणकाला जोडता येतो, त्याच मांडणीचा आणखी एक कपाटात ठेवता येतो, आणि नवा घ्यायचाच असेल तर मागणी नोंदवण्याआधी तो त्या व्यक्तीच्या हातात दिवसभर द्यावा.