आधी चेसी बघा



सावनेर तालुक्यातल्या खाप्यात, कन्हानच्या काठी, जुनी जीप म्हणजे काही नवलाई नाही. गुमगावची मँगनीज खाण जवळ, शेतांची काळी माती आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अशा मुलखात जीप ही कामाची गाडी. आता तीच शौकाची झाली आहे. कुणाच्या गोठ्याआड पडलेली जीप बघायला नागपूरहून माणसं येतात. मालक सांगतो, "ओरिजिनल विलीज आहे साहेब, महायुद्धातली." गिऱ्हाईक बोनेटवर हात फिरवतं, इंजिनाचा आवाज ऐकतं आणि खिशात हात घालतं. त्या माणसाला माझं एकच सांगणं आहे: बाबा रे, आधी खाली वाक. चेसी बघ.

जुन्या जीपचं इंजिन बदलता येतं. बोनेट, ग्रिल, सीट सगळं बाजारात मिळतं, नाही मिळालं तर मिस्त्री पत्रा ठोकून देतो. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली तर जुन्या तऱ्हेच्या जीप बांधण्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशी नवी बांधलेली जीप रंग लावून उभी केली की भल्याभल्यांना महायुद्धातली वाटते. ती बांधणं आणि विकणं यात गैर काही नाही, ती 1942 ची म्हणून विकणं गैर आहे. गाडी नेमकी कोणती, याचा निकाल चेसीवर लागतो, कारण नंबर तिच्यावर असतो.

कायदाही तेच विचारतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीपासून. म्हणून मालक काय साल सांगतो ते ऐका, पण आरसी बुकात काय लिहिलंय ते वाचा.

आता आपल्याकडच्या चेसींचं काय झालं, ते समजून घ्या. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी 1949 मध्ये सुरू केली. पुढे उंच बोनेटची सीजे-थ्री-बी आली आणि ती देशभर पसरली. या गाड्यांनी शेतमाल ओढला, ट्रॉल्या ओढल्या, माणसं वाहिली. मागे चार माणसं जास्त मावावीत म्हणून कित्येकांच्या चेसी मधोमध कापून तुकडा घालून लांब केल्या गेल्या. तेव्हा ती पोटापाण्याची सोय होती. आज त्याच लांब चेसी पुन्हा कापून आखूड केल्या जातात, कारण आखूड, बुटक्या बोनेटच्या जीपला भाव आहे. म्हणजे एकाच लोखंडावर दोनदा करवत चालते.

ही करवत टेपने सापडते. युद्धातली विलीज असो, युद्धातलीच फोर्डची जीप असो की सीजे-थ्री-बी, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर 80 इंच. महिंद्राच्या एमएम-540 चं 91 इंच. चाकं सरळ ठेवा आणि दोन्ही बाजूंनी मोजा. मग ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरवरून तो खाली सोडा, जमिनीवर खडूने चार खुणा करा आणि दोन्ही तिरकी मापं जुळवा. जुळली तर चेसी गुण्यात आहे. जुळली नाहीत तर ती ठोकरलेली आहे किंवा वाकडी जोडलेली आहे.

मग पाठीवर आडवं व्हा, बॅटरी तिरपी धरा. जीपची चेसी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. कारखान्यातले बहुतेक सांधे रिव्हेटचे असतात, गोल डोक्याचे, एकसारखे. रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट दिसला, तर ती पट्टी कधीतरी काढलेली आहे. लांब पट्टीच्या मधोमध उभा वेल्डिंगचा वळ दिसला, तर तिथे चेसी कापलेली आहे. वळ घासून वर पुट्टी भरली असेल, तर लोहचुंबक फिरवा, पुट्टीवर तो धरत नाही. नुकताच फासलेला जाड काळा रंग दिसला, की तिथेच जास्त वेळ द्या.

'महायुद्धातली' म्हणून दाखवलेल्या गाडीची आणखी एक खूण सांगतो. रेडिएटरखालची सगळ्यात पुढची आडवी पट्टी बघा. विलीज एमबीची ती गोल नळीची असते, फोर्ड जीपीडब्ल्यूची उलट्या पन्हळीसारखी. फोर्डचा नंबर डाव्या लांब पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो, विलीजचा डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पाटीवर. पाटी काढून दुसरीकडे बसवता येते, म्हणून विलीजच्या पाटीचे रिव्हेट नवे तर नाहीत ना, हे आवर्जून बघा.

नंबरची जागा रॉकेलच्या चिंधीने पुसा. ग्राइंडर लावू देऊ नका. कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घेतात तसा छापा घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. एखादं अक्षर थोडं वाकडं असलं म्हणून नंबर खोटा ठरत नाही. भोवतालचं लोखंड बघा. ते खोलगट घासलेलं आहे का? तेवढाच तुकडा नवा जोडलाय का? नंबर ठोकताना अक्षराखालचं लोखंड खोलवर दबतं. म्हणूनच वरून खरवडलेला नंबरही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाचं द्रावण लावून पुष्कळदा उमटवता येतो.

आता तोल सांभाळून एक गोष्ट सांगतो. ठिगळ लावलेली चेसी म्हणजे खोटी चेसी नव्हे. चाळीस-पन्नास वर्षं चिखलात राबलेल्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ गंज लागणार आणि तिथे पट्टी मारलेली असणार. मूळ चेसी दुरुस्त केलेली आहे की चेसीच दुसरी आहे, हा फरक ओळखा. पहिलीला मान द्या. दुसरी चालवायला उत्तम असेल, पण तिला मूळ गाडीचा भाव देऊ नका आणि 'व्हीए' नंबरची आशा धरू नका.

तेव्हा इंजिन बदललेलं असेल, तर भाव पाडा. चेसी बदललेली असेल, कागदावर तशी नोंद असेल आणि मालक स्वतः सांगत असेल, तर आणखी भाव पाडा आणि पटलं तर घ्या. पण नंबर खरवडलेला दिसला, तर घासाघीस करत बसू नका. गाडी चोरीची निघाली, तर ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहील आणि जबाब तुम्हाला द्यावा लागेल. मालकाला रामराम करा आणि निघा.